घरबसल्या कमाई आणि घरचा माल

(हातखंबा, जि. रत्नागिरी येथे युवक व पालकांच्या एकत्रित मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या विषयाचे नाव वाचून काही ज्येष्ठांच्या कपाळावर आठ्या उमटल्या असतील. 'अ‍ॅफिलिएट मार्केटिंग' आणि 'ड्रॉपशिपिंग' हे दोन्ही शब्द कानाला परके आहेत. परंतु येथे बसलेल्या तरुणांपैकी क्वचितच कोणी असा असेल, ज्याच्या मोबाईलवर 'घरबसल्या महिन्याला पन्नास हजार कमवा' ही जाहिरात आली नसेल. घरोघरचे चित्रही सारखेच आहे. मुलगा पदवीधर झालेला असतो. मुंबईला जाऊन दहा बाय दहाच्या खोलीत राहण्याची त्याची इच्छा नसते. तो म्हणतो, "बाबा, मी इथेच बसून ऑनलाईन काम करीन. फक्त सुरुवातीला वर्गाची फी भरायची आहे." वडिलांना हे खरे मानावे की खोटे, ते कळत नाही; आईला मात्र मुलगा घरी राहणार, एवढ्यानेच बरे वाटते.

एके काळी कोकण मनीऑर्डरवर जगत असे. चाकरमानी मुंबईहून पैसे पाठवी आणि गावची चूल पेटे. आज मुलगा गावात राहूनच कमावू म्हणत असेल, तर त्याची ती आकांक्षा थट्टेवारी नेण्यासारखी नाही. म्हणूनच या विषयाचा हिशेब भावनेने नव्हे, तर वहीपेन घेऊन मांडला पाहिजे.

शब्द नवे, व्यवहार जुना

आपल्या गावाच्या नावात 'हात' आणि 'खांब' हे दोन शब्द ऐकू येतात. मुंबई-गोवा महामार्ग आणि रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता जेथे एकमेकांना भेटतात, त्या तिठ्यावर आपण राहतो. तिठ्यावरच्या खांबाचे काम एकच असते, वाटसरूला दिशा दाखविणे. अ‍ॅफिलिएट मार्केटिंग म्हणजे तेच काम, फक्त मोबदला घेऊन. वस्तू दुसऱ्याची आणि दुकानही दुसऱ्याचे. आपण ग्राहकाला सांगायचे, "ही वस्तू चांगली आहे, येथे मिळते." त्या दुव्यावरून जाऊन त्याने खरेदी केली, तर दुकानदार आपल्याला ठरलेला टक्का देतो. आपल्या भाषेत यास दलाली म्हणतात, आणि दलाली हा काही हलका शब्द नव्हे. वाशीच्या बाजारात आपला आंबा पिढ्यान्‌पिढ्या अडत्यांच्याच मार्फत विकला गेला आहे.

अमेरिकेत अ‍ॅमेझॉन या कंपनीने 1996 साली अशी योजना सुरू केली आणि पुढे ती जगभर पसरली. भारतात ही कंपनी 2013 साली आली. पुस्तकांवर लिहिणारे, स्वयंपाकाच्या चित्रफिती करणारे, शेतीची अवजारे वापरून दाखविणारे असे अनेक जण आज या मार्गाने काही ना काही मिळवितात.

ड्रॉपशिपिंग हा याच्या पुढचा टप्पा होय. येथे दुकान आपले, पण माल मात्र आपल्याजवळ नाही. ग्राहकाने आपल्याकडे मागणी नोंदवायची, आपण ती घाऊक विक्रेत्याला कळवायची, आणि त्याने माल परस्पर ग्राहकाच्या घरी पाठवायचा. घाऊक भाव आणि आपला भाव यांतील फरक तो आपला नफा. भारतात या व्यवहाराचे एक घरगुती रूप बंगळुरूच्या मीशो या कंपनीने 2015 नंतर रूढ केले. साड्यांची, भांड्यांची छायाचित्रे गृहिणींनी व्हॉट्सअ‍ॅपवर नातेवाइकांना पाठवायची, किमतीत आपली रक्कम मिळवायची, आणि माल कंपनीच्या विक्रेत्याने पाठवायचा, अशी ती रीत होती. त्यात कोणाला भांडवल घालावे लागले नाही, हे खरेच.

तेव्हा पालकांना माझे पहिले सांगणे असे की, हा व्यवहार मुळात खोटा नाही. तो कायदेशीर आहे आणि प्रामाणिकपणे करता येतो. खोटे असते ते त्याभोवती रचलेले स्वप्न.

वहीपेन घेऊन मांडलेला हिशेब

प्रथम दलालीचा हिशेब पाहू. टक्का वस्तूनुसार बदलतो. मोबाईलसारख्या महाग वस्तूंवर तो अगदी कमी असतो, कपडे किंवा सौंदर्यप्रसाधनांवर थोडा अधिक. समजा, वीस हजारांच्या मोबाईलवर एक टक्का मिळाला, तर हाती आले 200 रुपये. शंभर जणांनी आपला दुवा उघडला आणि त्यांतील दोघांनी खरेदी केली असे धरले, तर शंभर माणसे जमविण्याचे मोल झाले 400 रुपये. शिवाय वेळेची मर्यादा असते. अ‍ॅमेझॉनच्या योजनेत ग्राहकाने दुवा उघडल्यापासून साधारण 24 तासांत वस्तू घेतली किंवा खरेदीच्या टोपलीत टाकली, तरच ती आपल्या खाती धरली जाते. तो परवा परत आला, तर आपले श्रम वाया.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. टक्का किती द्यायचा हे कंपनी ठरविते आणि ती तो केव्हाही बदलू शकते. एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीच्या काळात, अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत फर्निचरवरचा टक्का 8 वरून 3 वर आणला आणि किराण्यावरचा 5 वरून 1 वर. ज्यांनी वर्षानुवर्षे खपून वाचक जमविले होते, त्यांचे उत्पन्न एका पत्राने घटले. दुसऱ्याच्या जमिनीवर बांधलेल्या घराला हा धोका असतोच.

आता ड्रॉपशिपिंग. केवळ समजण्यासाठी काही आकडे गृहीत धरू. एक वस्तू घाऊक भावाने 220 रुपयांना मिळते आणि आपण ती 599 रुपयांना विकतो. ऐकणाऱ्याला वाटते, नगामागे 379 रुपये सुटले! वर्गवाले फळ्यावर एवढेच लिहितात. पण ग्राहक आपोआप येत नाही. फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर जाहिरात द्यावी लागते. एका मागणीमागे जाहिरातीचा खर्च 150 रुपये धरला, तर शंभर मागण्यांना 15,000 रुपये झाले. माल पाठविण्याचे प्रत्येकी 80 रुपये, म्हणजे आणखी 8,000.

आपल्याकडे बरेच ग्राहक माल हाती आल्यावर पैसे देतात. ज्येष्ठांना व्हीपीची पद्धत आठवत असेल. पुस्तके, औषधे व्हीपीने मागविली जात आणि पोस्टमन दारात आला की घरमालक 'नको' म्हणत असे. परत आलेल्या व्हीपीने कित्येक प्रकाशकांचे कंबरडे मोडले. आज तेच घडते, फक्त पोस्टमनच्या जागी कुरियरवाला आला आहे. शंभरांतील तीस पुडकी परत आली असे धरू. त्यांच्या परतीचा खर्च प्रत्येकी 60 रुपये, म्हणजे 1,800. विकल्या गेल्या सत्तर वस्तू. त्यांची घाऊक किंमत 15,400. एकूण खर्च झाला 40,200 रुपये आणि सत्तर वस्तूंचे आले 41,930. शिल्लक 1,730 रुपये. त्यानंतर सत्तरांपैकी पाच जणांनी 'वस्तू चित्रासारखी नाही' म्हणून पैसे परत मागितले, तर 2,995 रुपये द्यावे लागतील आणि महिनाभर राबून खिशातलेच 1,265 रुपये जातील. यात आपल्या श्रमाचे, विजेचे, इंटरनेटचे आणि कराचे मोल धरलेलेच नाही.

हे आकडे कोणाचे अधिक असतील, कोणाचे उणे. चांगला माल, कमी परतावा आणि जुना ग्राहक असेल तर हाच हिशेब नफ्यात जातो. पण नफा 379 चा नसतो, हे प्रत्येक तरुणाने पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे.

माल कोठला, जबाबदारी कोणाची?

या धंद्याच्या बहराच्या काळात जगभरचे ड्रॉपशिपिंगवाले प्रामुख्याने चीनमधील अलीएक्स्प्रेससारख्या बाजारपेठांतून माल उचलत असत. भारतात हा मार्ग टप्प्याटप्प्याने बंद झाला. परदेशी पुडके 'भेटवस्तू' म्हणून दाखवून शुल्क चुकविण्याची युक्ती चालत असे. डिसेंबर 2019 मध्ये सरकारने अशा 'भेटीं'च्या आयातीवर बंदी घातली. अपवाद ठेवला तो जीवरक्षक औषधांचा आणि राखीचा. गलवानच्या संघर्षानंतर जून 2020 मध्ये 59 चिनी अ‍ॅपवर बंदी आली, त्यात क्लब फॅक्टरी होते. नोव्हेंबर 2020 च्या यादीत अलीएक्स्प्रेसही आले. अमेरिकेनेदेखील 2025 साली लहान परदेशी पुडक्यांना असलेली शुल्कमाफी काढून घेतली, आधी चीनपुरती आणि मग सर्वांसाठी. ज्यांची दुकाने याच एका मार्गावर उभी होती, त्यांना गाशा गुंडाळावा लागला. तरीही काही वर्ग आजही तोच जुना धडा शिकवीत आहेत. स्वदेशीचा विचार क्षणभर बाजूला ठेवला, तरी निव्वळ व्यापारी दृष्टीनेही जो माल आपण पाहिला नाही, जो विक्रेता आपल्याला ठाऊक नाही, आणि जेथवर आपला हात पोहोचत नाही, त्याच्या भरवशावर आपले नाव लावणे हा जुगार आहे.

याचा अर्थ आपल्याला आंब्याइतका कोणी समजावू शकणार नाही. हापूसमध्ये साका असतो की नाही, हे बाहेरून कोणालाही सांगता येत नाही. फळ देखणे असते, वास दरवळत असतो आणि कापल्यावर आत पांढरट, आंबूस गर निघतो. पुण्यातील ग्राहकाने पेटी उघडली आणि चार फळांत साका निघाला, तर तो कोणाला दूरध्वनी करणार? बागायतदाराकडून थेट घेतलेली पेटी असेल तर बागायतदार म्हणतो, "काका, पुढच्या पेटीत चार फळे जास्त घालतो." तेथे व्यवहार टिकतो. पण ज्याने बाग पाहिली नाही, पेटी पाहिली नाही, फक्त चित्र टाकून 'अस्सल रत्नागिरी हापूस' विकला, तो काय सांगणार? बरेचदा तो दूरध्वनी उचलतच नाही, आणि नाव खराब होते ते रत्नागिरीचे. 2018 साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, ते या नावाचे रक्षण व्हावे म्हणूनच. परप्रांतीचा आंबा रत्नागिरीच्या पेटीत भरून विकला जातो, ही आपली जुनी तक्रार आहे. न पाहिलेला माल विकणारा आपलाच मुलगा नकळत त्या साखळीतला एक दुवा होऊ शकतो, याचा विचार व्हावा.

कायदाही हेच सांगतो. 2020 च्या ई-वाणिज्य नियमांनुसार विक्रेत्याला आपले नाव, पत्ता, वस्तूचा मूळ देश आणि तक्रार कोठे करायची हे सांगावे लागते. सदोष किंवा वर्णनाहून वेगळी वस्तू परत घेण्यास नकार देता येत नाही, आणि स्वतःच ग्राहक असल्याचे भासवून आपल्या मालाची खोटी स्तुती लिहिता येत नाही. 'माल माझ्याकडे नव्हताच' ही सबब ग्राहकापुढे चालत नाही. दलालीच्या बाबतीत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केले आहे की, शिफारस करणाऱ्याला मोबदला मिळत असेल तर ते उघडपणे, सहज दिसेल अशा रीतीने आणि शिफारस ज्या भाषेत आहे त्याच भाषेत सांगितले पाहिजे. मराठीत शिफारस करायची आणि कोपऱ्यात बारीक इंग्रजीत 'जाहिरात' लिहायचे, हे चालणार नाही.

खांब विकणारे

आता मूळ दुखण्याकडे येतो. या क्षेत्रात सर्वांत खात्रीचा पैसा कोण मिळवितो? वस्तू विकणारा नव्हे, दलाली करणाराही नव्हे, तर 'हे कसे करायचे' ते शिकविणारा. दहा, वीस, पन्नास हजारांचे वर्ग निघतात. भाड्याच्या गाडीशेजारी उभे राहून छायाचित्र काढले जाते आणि खात्यात जमा झालेल्या रकमेचे चित्र दाखविले जाते. त्यातला जाहिरातीचा खर्च मात्र दाखविला जात नाही. अनेकदा वर्ग संपता संपता शिकवणारा सांगतो, "आता हाच वर्ग तुम्ही दुसऱ्यांना विका, प्रत्येकी अमुक टक्के तुम्हाला." येथे सावध व्हावे. वस्तू नाही, वापरणारा ग्राहक नाही. नवा माणूस आणला की जुन्याला पैसे. ही अ‍ॅफिलिएट मार्केटिंगच्या वेषातील साखळी योजना आहे.

महाराष्ट्राने हा वेष पूर्वी पाहिला आहे. सिंगापूरहून चालणाऱ्या स्पीक एशिया या कंपनीने घरबसल्या संगणकावर पाहणीचे अर्ज भरण्यासाठी सभासदांकडून 11,000 रुपये घेतले आणि नवे सभासद आणणाऱ्यांना वेगळा मोबदला दिला. 2011 साली मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने कारवाई सुरू केली, तोवर देशभरातील लक्षावधी लोकांचे पैसे त्यात गेले होते. लोकांना फसविले ते लोभाने कमी आणि ओळखीने जास्त. मेहुण्याने भावजीला आणि मास्तरांनी विद्यार्थ्याच्या पालकांना त्यात आणले. पैसे गेल्याचे दुःख काही वर्षांत ओसरते, पण 'तूच मला यात आणलेस' हे वाक्य दोन घरांत पिढीभर राहते. अशा योजनांविरुद्ध 1978 चा कायदा आहे. थेट विक्रीच्या 2021 च्या नियमांनीही साखळी योजना निषिद्ध ठरविल्या आहेत. पण कायदा पैसे गेल्यावर धावतो. घरातला शहाणपणा आधी धावला पाहिजे.

आजकाल टेलिग्रामवर 'चित्रफितींना पसंती द्या आणि पैसे मिळवा' असा आरंभ होतो. पहिले शंभर-दोनशे रुपये खरेच मिळतात आणि मग 'पुढच्या कामासाठी' रक्कम भरायला सांगतात. हे सरळ चोरटे आहेत. असे घडले तर लाज न बाळगता तत्काळ 1930 या क्रमांकावर तक्रार करावी. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

मग करावे काय?

तरुण मित्रांनो, येथवर ऐकून 'हे सारे सोडून द्या, असे सांगायला वक्ते आले आहेत' असे तुम्हाला वाटेल. तसे मुळीच नाही. मी म्हणतो, हे कौशल्य जरूर शिका; फक्त ते कोणत्या मालासाठी वापरायचे, एवढेच बदला.

दूरदेशीच्या अनोळखी मालाला ग्राहक शोधण्यासाठी जी विद्या लागते, तीच विद्या तुमच्या पंचक्रोशीत कोणाकडेच नाही. उत्तम छायाचित्र काढणे, मोजक्या शब्दांत वर्णन लिहिणे, मागण्यांची नोंद ठेवणे, पैसे आले की नाही ते पाहणे, पुडके वेळेवर पाठविणे आणि तक्रारीला उत्तर देणे हे ते काम. गावातील पाच बागायतदारांना हे जमत नाही. त्यांचा आंबा अढीत तयार होतो, पण तो कोणाला विकायचा हे ठरवितो बाजार. महिला बचत गट कोकम आगळ, आंबापोळी, फणसपोळी करतात आणि ती वर्षाकाठी एखाद्या प्रदर्शनात विकतात. पुढे अकरा महिने काय? येथे तुमची जागा आहे. माल त्यांचा, साठा त्यांच्याकडे, विक्री तुमची आणि टक्का ठरलेला. हेही ड्रॉपशिपिंगच झाले. फरक एवढाच की, माल पाहायला तुम्ही सायकलवरून जाऊ शकता, चव घेऊ शकता, आणि बिघडले तर त्याच संध्याकाळी ओटीवर बसून बोलू शकता.

यात दलालीलाही जागा आहे. मुंबई-पुण्यात आपली शेकडो माणसे आहेत. जो चाकरमानी आपल्या सोसायटीत दहा पेट्या खपवील, त्याला पेटीमागे ठरलेली रक्कम उघडपणे द्यावी, आणि त्यानेही शेजाऱ्याला उघडपणे सांगावे, "गावची बाग आहे, मला यात थोडे मिळते, पण आंब्याची हमी माझी." या एका वाक्याने विश्वास कमी होत नाही, उलट वाढतो.

नियम पाळावे लागतील. खाद्यपदार्थ विकायचा तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी आणि वेष्टनावर घटक, वजन, तारीख हवी. राज्याबाहेर माल विकायचा तर जीएसटीची नोंदणी लागते. मात्र ऑक्टोबर 2023 पासून, उलाढाल मर्यादेच्या आत असलेल्या लहान विक्रेत्याला राज्याच्या आत ऑनलाईन बाजारपेठांतून माल विकण्यासाठी पूर्ण नोंदणीची सक्ती राहिलेली नाही. हे एखाद्या जाणत्या करसल्लागाराला विचारून घ्यावे. त्याची फी कोणत्याही 'कमाई वर्गा'पेक्षा कमीच पडेल.

आणि अपेक्षा वास्तव ठेवा. पहिल्या हंगामात वीस ग्राहक मिळाले आणि त्यांतील पंधरा पुढच्या वर्षी परत आले, तर ते यश आहे. आंब्याचा हंगाम दोन-तीन महिन्यांचा असतो, म्हणून वर्षभर चालणारे काजू, कोकम, पिठे, मसाले यांची जोड द्यावी लागेल. नोकरी असेल तर ती सोडून यात उडी घेऊ नये. संध्याकाळचे दोन तास वर्षभर द्यावेत आणि मग वही उघडून ठरवावे.

पालकांसाठी चार प्रश्न

शेवटी पालकांनी काय करावे? मुलाला झिडकारू नये आणि डोळे मिटून पैसेही देऊ नयेत. शांतपणे चार प्रश्न विचारावेत.

पहिला : विकली जाणारी वस्तू कोणती, आणि ती तू हातात घेऊन पाहिली आहेस का?

दुसरा : पैसा ग्राहकाच्या खरेदीतून येणार आहे, की नवा सभासद आणण्यातून?

तिसरा : वस्तू खराब निघाली तर ग्राहक कोणाच्या दारात येणार?

चौथा : जाहिरात, परतावा आणि वाहतूक वजा जाता किती उरते, ते एका कागदावर लिहून दाखवशील का?

या चारही प्रश्नांची उत्तरे मुलाने नीट दिली, तर त्याच्या पाठीवर हात ठेवा आणि पहिला ग्राहक स्वतः व्हा. उत्तरे देता आली नाहीत, तर त्याला रागावू नका. आणखी महिनाभर अभ्यास करायला सांगा. चांगला व्यवहार महिन्याने पळून जात नाही. 'आज रात्री बारापर्यंतच ही सवलत' म्हणणारा व्यवहार मात्र निश्चितच सोडून द्यावा.

व्यापारात भांडवल नसले तरी चालते, असे या नव्या धंद्यांबद्दल सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. पैशाचे भांडवल नसले तरी चालेल. शब्दाचे भांडवल मात्र पहिल्या दिवसापासून लागते. ते तुमच्या आजोबांनी, पणजोबांनी या पंचक्रोशीत जमवून ठेवले आहे. आज अनोळखी ग्राहक 'रत्नागिरी' हे नाव वाचून चार पैसे अधिक द्यायला तयार होतो, तो त्या शब्दामुळे. मोबाईल हातात घ्या, जगाला माल विका, टक्काही घ्या. पण जो माल आपल्या आईला देताना संकोच वाटेल, तो दुसऱ्याच्या आईला विकू नका. एवढी एक मर्यादा पाळली, तर गावात राहून सन्मानाने कमावण्याचे तुमचे स्वप्न खरे होईल, असा मला विश्वास वाटतो.